नसलेली धमनी

"मॅडम, फिल्म उलटी लागलीया काय?"

हिंदुराव चौगले उजेडाच्या पेटीसमोर हात मागे बांधून उभे होते. पेटीवर त्यांच्याच मानेची चित्रं लावली होती. मी अजून एक अक्षर बोलले नव्हते, आणि या माणसाने मान जराशी तिरकी करून, खालपासून वरपर्यंत नजर फिरवून नेमकं तेच पाहिलं होतं, जे पाहायला शिकण्यात माझी काही वर्षं गेली होती.

मी सांगितलं की फिल्म बरोबर आहे. पेशंट आपल्याकडे तोंड करून उभा आहे असं समजून ती पाहायची असते, म्हणजे त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते.

"म्हंजे डावीकडची न्हाई."

"नाही."

त्यांनी मानेला डावीकडे हात लावला आणि लगेच काढून घेतला, जणू तिथे कुणी परकं बसलं होतं.

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापुरात राजारामपुरीत माझं स्कॅन सेंटर सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. मी चौतिशीची, हिंदुराव सेहेचाळीसचे. शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत ते क्रेन चालवत. छताजवळच्या रुळांवरून सरकणारी क्रेन, तिला लटकलेली छोटी केबिन, आणि खाली आकड्याला अडकवलेलं वितळलेल्या लोखंडाचं मोठं भांडं. त्याला ते लॅडल म्हणत. भट्टीपासून साच्यांच्या रांगेपर्यंत ते लॅडल न्यायचं, ते डुलू द्यायचं नाही, आणि खाली माणसं असताना हात कापू द्यायचा नाही, हे त्यांचं काम. बावीस वर्षं ते हेच करत होते.

त्यांना काहीही होत नव्हतं. चक्कर नाही, डोकेदुखी नाही, हातापायाला मुंग्या नाहीत. कंपनीने पंचेचाळिशी ओलांडलेल्या कामगारांसाठी मोफत तपासणीचं शिबिर भरवलं होतं. त्यात मानेची सोनोग्राफी होती. रांगेत उभं राहून, शर्टाची वरची दोन बटणं काढून हिंदुरावांनी ती करून घेतली आणि कागदावर आलं, की मेंदूकडे जाणारी डावीकडची मुख्य धमनी पूर्ण बंद आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेनच्या शिडीपाशी फोरमनने त्यांना थांबवलं. पक्की तपासणी करून आणा, मगच वर जायचं.

त्यासाठीच ते माझ्याकडे आले होते. हाताच्या शिरेतून औषध सोडून मी मानेचा आणि डोक्याचा स्कॅन केला. धमनी दिसली नाही हे खरंच होतं. पण ती बंद पडलेली नव्हती. मेंदूकडे जाणारी ही धमनी कवटीच्या तळाशी हाडातल्या एका बोगद्यातून आत शिरते. धमनी नंतर कधी बंद पडली, तर बोगदा रिकामा राहतो. हाड काही बुजत नाही. हिंदुरावांच्या डावीकडे बोगदाच नव्हता. हाड सलग होतं. म्हणजे आईच्या पोटात असल्यापासून ती धमनी बनलीच नव्हती, आणि मेंदूने उजवीकडून आणि मागच्या बाजूने रक्ताची सोय तेव्हाच लावून घेतली होती.

मला आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. दहा हजारांत एकालाही क्वचितच सापडेल असा फरक, आणि तो माझ्या दोन वर्षांच्या सेंटरमध्ये. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. हा रोग नाही, घडणच अशी आहे, असंही सांगितलं. ते ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "सेहेचाळीस वर्सं अशीच चालली नव्हं गाडी?" मी हो म्हटलं. तर म्हणाले, उद्या चढतो मग.

रिपोर्टमध्ये मी एक गोष्ट आणखी लिहिली, कारण ती खरी होती. ज्यांना ही धमनी नसते त्यांच्यात मेंदूतल्या एखाद्या रक्तवाहिनीला फुगवटा येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळतं. या रुग्णात असा फुगवटा दिसत नाही. दर दोन वर्षांनी तपासणी करावी. आणि सगळ्यात खाली, आमच्या प्रत्येक रिपोर्टच्या खाली असतं ते वाक्य: प्रत्यक्ष प्रकृतीशी ताडून निर्णय घ्यावा. हे वाक्य आमच्या टायपिस्टला सांगावंही लागत नसे.

दहा दिवसांनी हिंदुराव परत आले. या वेळी बायकोला घेऊन. शालनवहिनी बारीक अंगाच्या, पदर घट्ट खोचलेल्या, आणि माझ्यावर चिडलेल्या होत्या. त्यांचं म्हणणं मी ऐकून घेतलं. धमनी बंद आहे असा पहिला कागद होता तेव्हा निदान आजारपणाची रजा मिळत होती. आता मी रोग नाही असं लिहून दिलं, तर रजा बंद झाली. पण क्रेनवर चढू देतात म्हणावं, तर तेही नाही. कंपनीच्या डॉक्टरांनी फुगवट्याच्या ओळीखाली लाल रेघ मारली होती. आजारी नाहीत म्हणून घरी बसता येईना, धड नाहीत म्हणून काम मिळेना. हिंदुराव रोज सकाळी डबा घेऊन जात आणि टाइम ऑफिसच्या बाहेर बाकावर आठ तास बसून परत येत. त्यांच्या क्रेनवर दुसऱ्या शेडमधला एक ऑपरेटर आणला होता. तो लॅडल हिसके देऊन उचलतो, आणि बाकावर बसून तो आवाज ऐकावा लागतो, एवढंच हिंदुराव बोलले.

कंपनीचे डॉक्टर म्हणजे डॉ. मगदूम. साठीच्या आसपासचे, आठवड्यातून तीन दिवस दुपारी फाउंड्रीच्या दवाखान्यात बसणारे. मी त्यांना फोन केला. मला वाटलं, दोन मिनिटांचं काम आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की हा मनुष्य क्रेन चालवायला योग्य आहे, असं मी लिहून देते का? मी म्हटलं, मी स्कॅन वाचते, कामाची योग्यता ठरवणं तुमच्याकडे. ते म्हणाले, बरोबर आहे, पण तुम्हीच खाली लिहिलंय की प्रकृतीशी ताडून निर्णय घ्यावा. माझ्याकडे ताडून बघायला काय आहे? मनुष्य ठणठणीत आहे. नाडी उत्तम, रक्तदाब उत्तम. आणि तुमचा कागद म्हणतो, की पुढेमागे काही होऊ शकतं.

"कुणालाही पुढेमागे काही होऊ शकतं," मी म्हटलं.

"होय. पण कुणाचंही कागदावर येत नाही," ते म्हणाले.

मी चिडले. फोन ठेवल्यावर टायपिस्टसमोर त्यांच्या नावाने बोटं मोडली. मग मेंदूच्या मोठ्या तज्ज्ञाचं मत घ्यायचं ठरवलं. पुण्याच्या एका नावाजलेल्या डॉक्टरांची वेळ मिळवायलाच सहा आठवडे गेले. हिंदुराव आणि शालनवहिनी पहाटेची गाडी धरून गेले, दुपारी तीनपर्यंत बसले, आणि सात मिनिटांत बाहेर आले. पत्र माझ्याकडे आलं. दैनंदिन व्यवहारांस कोणतीही आडकाठी नाही. जोखमीच्या व्यवसायाबाबत संबंधित आस्थापनेच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी निर्णय घ्यावा.

मी ते पत्र दोनदा वाचलं. मगदुमांनी मला विचारायचं, मी पुण्याला विचारायचं, आणि पुण्याने परत मगदुमांना विचारायचं. प्रत्येकाचा कागद अचूक. एकाही वाक्यात चूक काढता येणार नाही. आणि त्या तीन कागदांच्या मध्ये एक मनुष्य बाकावर बसलेला.

मी पुण्याला फोन लावला. डॉक्टर परदेशी परिषदेला गेले होते. त्यांच्या सहायकाने सांगितलं की पत्रात सगळं स्पष्ट आहे. मी कंपनीच्या कामगार अधिकाऱ्याला फोन केला. त्याने फार नम्रपणे सांगितलं की वैद्यकीय बाबतीत ते डॉक्टरांच्या पुढे जात नाहीत. मी विम्याच्या कचेरीत विचारून पाहिलं. तिथल्या बाईंनी एक फॉर्म वाचून दाखवला, त्यात 'आजार' आणि 'अपघात' असे दोन रकाने होते. जन्मापासून नसलेल्या गोष्टीसाठी रकाना नव्हता. त्या म्हणाल्या, तुम्हीच काहीतरी एक ठरवून लिहा ना, डॉक्टर.

अडीच महिने झाले होते. हिंदुराव दर सोमवारी, फाउंड्रीच्या सुट्टीच्या दिवशी, यायचे. भांडत नसत. काउंटरवर नाव सांगायचे, आत येऊन खुर्चीच्या टोकावर बसायचे आणि काय झालं ते विचारायचे. मी सांगायची. ते मान हलवायचे. त्यांचं वजन उतरलं होतं. मी एकदा विचारलंही, जेवता ना नीट? तर म्हणाले, डबा तसाच परत येतो, बसून भूक लागत न्हाई.

त्यातल्या एका सोमवारी त्यांनी खिशातून माझ्या रिपोर्टची घडी काढली. घड्यांवर कागद फाटायला आला होता. लाल रेघेवर बोट ठेवलं.

"मॅडम, ही ओळ काढता येत्या का?"

मी नाही म्हटलं. ते म्हणाले, फुगवटा मला नाहीच आहे, तुम्हीच लिहिलंय. जे नाही ते लिहायचं कशाला? मी म्हटलं, ही ओळ काढली आणि उद्या खरंच काही झालं, तर मी खोटं लिहिलं असं होईल. शिवाय दोन वर्षांनी तपासणी करायची हे तुम्हाला कुणी सांगणार नाही, आणि ती करायलाच हवी. ते म्हणाले, तपासणीला मी येतो की, तोंडी सांगा, कागदावर कशाला? मी पुन्हा नाही म्हटलं. जरा मोठ्या आवाजात म्हटलं असावं, कारण बाहेर बसलेल्या पेशंटांनी आत वळून पाहिलं.

"तुमचं खरं हाय," हिंदुराव म्हणाले. "समद्यांचंच खरं हाय."

त्यांनी रिपोर्टची परत तशीच घडी घातली, फाटू नये म्हणून हळू, आणि गेले.

त्या दिवशी मला कामात काही सुधरेना. स्वतःचाच राग येत होता आणि तो कुठे काढावा हे कळत नव्हतं. संध्याकाळी मी डॉ. मगदुमांना फोन केला आणि विचारलं की मी फाउंड्रीत येऊन त्यांना प्रत्यक्ष भेटू का? ते म्हणाले, अवश्य या, बुधवारी तीन वाजता या, तेव्हा ओतकाम चालू असतं.

मी तयारी करून गेले. परदेशातल्या नियतकालिकांतले चार लेख छापून घेतले होते, आकडे अधोरेखित केले होते. ही धमनी नसलेली माणसं म्हातारपणी दुसऱ्याच कशाने तरी गेली आणि मग कळलं, अशी उदाहरणं होती. माझ्या डोक्यात भाषण पाठ होतं. त्याच्या शेवटी मी असंही म्हणणार होते, की प्रत्येक जण सही टाळतोय म्हणून एका माणसाचा बळी देऊ नका.

दवाखाना म्हणजे शेडला चिकटलेली एक खोली होती. टेबल, तपासायचं बाक, भाजल्यावर लावायच्या मलमांनी भरलेलं कपाट. एका भिंतीला मोठी काच होती आणि तिच्यातून अख्खं शेड दिसत होतं. मगदुमांनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि माझं सगळं म्हणणं मध्ये न बोलता ऐकलं. लेखांतले आकडे चष्मा काढून, कागद डोळ्यांजवळ धरून पाहिले. मग म्हणाले की माझं म्हणणं त्यांना पटतं. हिंदुराव हा त्यांनी पाहिलेला सगळ्यात चांगला क्रेन ऑपरेटर आहे. बावीस वर्षांत त्याच्या हातून एक थेंब सांडला नाही.

"मग अडतंय कुठे?" मी विचारलं.

काचेकडे पाहत त्यांनी सांगितलं, की ते नवीन असताना याच शेडमध्ये एक ऑपरेटर केबिनमध्ये चक्कर येऊन पडला होता. त्याआधी सहा महिने त्याने एकदा तक्रार केली होती, की वर कधी कधी डोळ्यांपुढे अंधारी येते. मगदुमांनी तपासलं, काही सापडलं नाही, उष्णतेमुळे होत असेल म्हणून योग्य असा शेरा देऊन सही केली. त्या दिवशी लॅडल कलंडलं. खाली दोन जण होते. मगदुमांनी त्यांची नावं सांगितली, त्यांच्या गावांसकट.

मग त्यांनी खण उघडून एक फॉर्म काढला. हिंदुरावांचं नाव, वय, काम आधीच भरलेलं होतं. खाली दोन चौकटी: एक तज्ज्ञांच्या अभिप्रायाची, योग्य किंवा अयोग्य एवढंच लिहून सही करायची, आणि तिच्याखाली दुसरी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीची.

"तुमच्यापेक्षा ती मान कुणालाच जास्त माहीत नाही," ते म्हणाले. "तुम्ही योग्य लिहा. त्याखाली मी आत्ता सही करतो. मला दुसऱ्या कुणाचं पत्र नको."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांनी पेन उघडून माझ्यापुढे ठेवलं, आणि शिपायाला हाक मारून हिंदुरावांना बोलवायला सांगितलं.

हिंदुराव आले आणि दारातच उभे राहिले. हातात डब्याची पिशवी होती. पाळी सुटायची वेळ होत आली होती. टेबलावरचा फॉर्म आणि माझ्या हातातलं पेन त्यांनी पाहिलं आणि काय चाललंय ते त्यांना कळलं. त्यांचा चेहरा असा उजळला, की मला त्यांच्याकडे बघवेना. मी काचेतून बाहेर पाहिलं.

क्रेन सरकत होती. लॅडलच्या तोंडाशी नारिंगी उजेड होता, आणि तो एवढ्या लांबूनही डोळ्यांना टोचत होता. खाली पाच-सहा माणसं साच्यांच्या रांगेत उभी होती. एक जण कमरेवर हात ठेवून शेजाऱ्याशी काहीतरी बोलत होता. वर कुणीच बघत नव्हतं. बघायची त्यांना सवयच नसावी.

मला आकडे पाठ होते. मी ते मगाशीच म्हणून दाखवले होते. पेन कागदाला टेकवलं आणि मनात वाक्य जुळायला लागलं: नियमित तपासणीच्या अधीन राहून. सद्यःस्थितीत. उपलब्ध चित्रांनुसार. त्यातलं एकही त्या चौकटीत बसणारं नव्हतं. चौकट एका शब्दाएवढी होती.

किती वेळ गेला ते मला नक्की सांगता येणार नाही. चहा आला, शिपायाने कप ठेवले, तो गेला. पेनाच्या टोकाखाली कागदावर शाईचा ठिपका मोठा होत गेला होता.

मग मी लिहिलं: योग्य. सही केली. तारीख घातली. मगदुमांनी फॉर्म ओढून घेतला आणि खाली सही केली. हिंदुरावांनी पिशवी खाली ठेवून आम्हा दोघांना हात जोडले. मी त्यांना म्हटलं, आता चढा. परतताना मला हलकं वाटत होतं. अडीच महिन्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता. घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं, की शेवटी कुणीतरी सही करावी लागते, एवढीच गोष्ट असते.

पुढच्या सोमवारी हिंदुराव आले नाहीत. मला ते साहजिक वाटलं. मंगळवारी दुपारी आले, म्हणजे कामाच्या दिवशी. बाहेर गर्दी होती. मी त्यांना आधी आत घेतलं. ते खुर्चीच्या टोकावर बसले.

त्यांनी जे सांगितलं ते असं. गुरुवारी सकाळी ते क्रेनवर चढले. फोरमनने नारळ आणला होता, तो शिडीपाशी फोडला. पहिलं लॅडल त्यांनी रिकामंच नेऊन आणलं, हात बसावा म्हणून. हात होता तसाच होता. मग भरलेलं उचललं. अर्ध्या शेडपर्यंत नेलं. तिथे खाली माणसं होती, रोजचीच, नावानिशी ओळखीची. तिथे त्यांनी लॅडल थांबवलं. कुणी थांबायला सांगितलं नव्हतं. खालून माणसं वर बघायला लागली. हिंदुरावांनी लॅडल तसंच मागे नेलं, भट्टीपाशी अलगद ठेवलं, खाली उतरले आणि चावी फोरमनच्या हातात दिली. मगदुमांना सांगितलं की मला दुसरं काम द्या, कुठलंही चालेल.

मी विचारलं, चक्कर आली का? काही दिसेनासं झालं का? ते नाही म्हणाले. मी विचारलं, मग भीती वाटली? ते त्यालाही नाही म्हणाले. मग मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, अहो, यासाठी मी तीन महिने झगडले, सही करून दिली, आणि तुम्ही आपण होऊन उतरलात?

त्यांनी माझ्या टेबलावरच्या पेनाकडे पाहिलं.

"सही केलासा, खरं हाय," ते म्हणाले. "पर तुमचं पेन थांबलं हुतं."

मी समोरचा रिपोर्टांचा गठ्ठा बाजूला सारला.

"मला राग न्हाई मॅडम. खरंच न्हाई. पर वर बसल्यावर त्योच इचार आला. माज्या मानंच्या आतलं डोळ्यांनी बघितलेलं मानूस जगात एकच हाय. त्या मानसाचा हात एवडा येळ थांबला. आन् माजा कसा चालंल? खाली मारुती हुता, पांडू हुता. त्यास्नी काय ठावं?"

मी सांगायला हवं होतं, की ते थांबणं तुमच्या मानेमुळे नव्हतं. मी घाबरले ती माझ्या सहीला. ही दोन भयं वेगळी असतात, आणि त्या दिवशी काचेपाशी मी ती वेगळी करू शकले नाही, म्हणून थांबले. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. पण बाहेर सात पेशंट बसले होते आणि हिंदुराव उठलेही होते. दारापाशी वळून त्यांनी विचारलं, की दोन वर्षांनी तपासणीला यायचं ते कुठल्या महिन्यात? मी महिना सांगितला.

त्यांना वाळूच्या विभागात काम मिळालं. साच्यांची वाळू चाळायची, भिजवायची, पट्ट्यावर घालायची. धूळ फार, जबाबदारी काही नाही. तिथे त्यांनी तेरा-चौदा वर्षं काढली आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. डॉ. मगदूम मध्येच वारले. हिंदुराव दर दोन वर्षांनी, सांगितलेल्या महिन्यात, न चुकता येत राहिले. मी दर वेळी स्वतः बसून एकेक चित्र पाहते. उजवीकडची धमनी भक्कम आहे, मागच्या दोन्ही चांगल्या आहेत, मेंदूतल्या फांद्या गुळगुळीत आहेत. त्या मानेत आणि त्या डोक्यात पंधरा वर्षांत काहीही झालेलं नाही.

या वर्षी ते आले तेव्हा शालनवहिनी बरोबर होत्या. केस पांढरे झालेले, गुडघे दुखतात म्हणून हळू चालणाऱ्या. माझ्यावरचा राग त्यांनी कधीच सोडून दिला होता. येताना गुऱ्हाळातल्या चुलाणावरच्या काकवीची बाटली घेऊन आल्या होत्या. मी स्कॅन पाहून सांगितलं की सगळं स्वच्छ आहे, नेहमीसारखंच. हिंदुरावांनी मान हलवली. वहिनी मात्र संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सहज विचारलं, कुणावर ठपका ठेवायचा म्हणून नव्हे, खरंच कळत नव्हतं म्हणून:

"एवढं चांगलं हाय, तर तवा ह्यास्नी क्रेनवरनं उतरवलं कुनी?"

मी तोंड उघडलं. पंधरा वर्षं जे सांगायचं राहून गेलं होतं, ते त्या क्षणी ओठांवर आलंही होतं.

"कुनी उतरवलं न्हाई," हिंदुराव तिला म्हणाले. "मीच उतरलो." आणि शर्टाची वरची दोन बटणं लावत ते उठले.